एक एप्रिलची माणसं

२० फेब्रुवारी

सोळा वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं, तेव्हा रोजनिशी लिहावी असं कधी वाटलं नाही. आज वाटतंय, कारण आज पहिल्यांदाच असं काम हाती आलंय की ज्यात आमची चूक झाली तर कुणाच्या तरी जिवावर बेतेल. घाबरले आहे. कचेरीत हे बोलायची सोय नाही, म्हणून वही.

काम असं. इथल्या हृदयाच्या इस्पितळात वर्षातून एकदा परदेशी डॉक्टरांची तुकडी येते आणि आठवडाभर फुकट शस्त्रक्रिया करते. जागा अठ्ठेचाळीस, रांगेत दोनशे बारा माणसं. कुणाला आधी घ्यायचं ते डॉक्टर ठरवतात. पण त्यानंतर निरोप पाठवणं, ओळखपत्र ताडून पाहणं, कागद तीन दिवसांत जुळले नाहीत तर जागा पुढच्या नावाला देणं, हे सगळं प्रोग्रामने करायचं. मध्ये माणूस नको, माणूस आला की वशिला आला, असं इस्पितळाचंच म्हणणं. तो प्रोग्राम आम्ही करतोय. आम्ही म्हणजे पाच जण, बिश्केकच्या एका जुन्या शर्टांच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. खाली शिलाईयंत्रं खडखडतात, वर आम्ही.

मालक मेलिस, ज्यांना आम्ही सगळे बायके म्हणजे दादा म्हणतो, म्हणाले, "चिनारा, तुझ्या कुरुतांवर सगळी भिस्त आहे." मी वरवर नाही नाही म्हटलं. आतून सुखावले.

कुरुत हे नाव मीच पाडलं. दह्याचा वाळवलेला खारट गोळा जसा खिशात वर्षभर टिकतो आणि भूक लागली की तोंडात टाकता येतो, तसे हे प्रोग्रामचे चार-सहा ओळींचे तुकडे. एकदा नीट लिहून ठेवायचे, लागले की उचलायचे. पहिला फोन नंबरातल्या मोकळ्या जागा आणि आडव्या रेघा काढतो. तिसरा काहीही पुसण्याआधी किती ओळी पुसल्या जाणार ते मोजून दाखवतो, त्याने आम्हाला दोनदा बुडता बुडता वाचवलंय. सातवा माझा सगळ्यात लाडका. लोक तारखा वाट्टेल तशा लिहितात, कुणी ठिपके देतं, कुणी रेघा, कुणी महिन्याचं नाव. सातवा त्या सगळ्या सरळ करतो, तारखेला कुठे तास-मिनिटं चिकटली असली तर ती खरवडून टाकतो आणि प्रत्येक तारखेला त्या दिवसाची मध्यरात्र लावून ठेवतो. म्हणजे सगळ्या तारखा एका मापाच्या. सहा वर्षं झाली, एक तक्रार नाही. आजवर एकसष्ट कुरुत जमलेत.

शिवाय चहाच्या किटलीवरच्या कपाटाला मी रोज एक चिठ्ठी चिकटवते. आजची: "यंत्र तक्रार करतं तेव्हा शेवटची ओळ आधी वाचा. वरचा नुसता आरडाओरडा असतो." खाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिलंय, "सासूबाईंनाही लागू." अक्षर कुंदुझचं आहे. ती आमच्याकडे फोन घेते आणि मला एजे, म्हणजे ताई, म्हणते.

१ मार्च

रांग सुरू झाली. अठ्ठेचाळीस निरोप गेले. काही पेटलं नाही.

चिठ्ठी: "एका वेळी एकच बदल करा. दोन केलेत तर आभार कुणाचे मानायचे आणि शिव्या कुणाला द्यायच्या ते कळत नाही."

६ मार्च

कुंदुझ दुपारी हसत हसत माझ्या टेबलाशी आली. "एजे, एका बाईंचा फोन होता. म्हणतात, माझा वाढदिवस एक एप्रिलला, तुमच्या यादीत एकतीस मार्च दिसतोय. मी म्हटलं, बाई, आम्ही तुम्हाला थट्टेतून वाचवलं, आभार माना."

"मग त्या काय म्हणाल्या?"

"फोन आपटला."

त्या बाई रांगेत एकशे चाळिसाव्या. घाई नाही. भरणाऱ्याने चुकीचं भरलं असणार.

९ मार्च

आज तलासहून एकाचा फोन. त्याचंही तेच. जन्म एक एप्रिल, यादीत एकतीस मार्च. मला गंमत वाटली. एक माणूस चुकतो, हे समजतं. दोन अनोळखी माणसं अगदी एकसारखी चुकतात, तेव्हा कान टवकारावेत.

मेलिस बायकेंनी लगेच निकाल दिला. "गावच्या नोंदी. मूल मार्चमध्ये होतं, बाप मेंढरांमागे. बर्फ वितळल्यावर खाली येतो, तेव्हा ग्रामसोव्हिएतचा कारकून आठवेल ती तारीख टाकतो. माझ्या तिन्ही भावांचे वाढदिवस एकाच दिवशी आहेत, आणि ते तिळे नाहीत."

सगळे हसले, मीसुद्धा. आणि खरंच, आमच्याकडे कुणाच्या घरात असा एखादा वाढदिवस नाही? पटलं. पण पुरतं नाही.

१४ मार्च

आज तिसरा फोन, आणि हा मी स्वतः घेतला, कुंदुझ जेवायला गेली होती म्हणून. आत-बाशीजवळच्या गावातून बुरुलसुन नावाच्या बाई. वय एकोणचाळीस, एक एप्रिलला चाळीस होतील. हृदयाची झडप खराब. अठ्ठेचाळिसांत त्यांचा नंबर एकविसावा. दर चार शब्दांनी थांबून श्वास घेत होत्या.

"तुमचा निरोप आलाय," त्या म्हणाल्या, "की जन्मतारीख ओळखपत्राशी... जुळत नाही. तीन दिवसांत दुरुस्त करा. मी काय दुरुस्त करू? ओळखपत्रावर बरोबर आहे. जन्माच्या दाखल्यावर... बरोबर आहे. तुमच्याकडेच चूक आहे."

मी पाहिलं. इस्पितळाने जन्मतारीख कशी पाठवली ते दिसत नाही, आमच्याकडे सरळ झालेलीच साठते. एकतीस मार्च.

आणि मी काय बोलले ते इथे जसंच्या तसं लिहिते. मी म्हणाले, "बाई, गावाकडच्या नोंदींत असे घोळ असतात. तुमच्या तिथल्या कारकुनाला विचारा ना."

त्यांनी एक श्वास घेतला. मग म्हणाल्या, "तो कारकून माझा... थोरला काका आहे. त्याला हे तुम्हीच सांगा." आणि नंबर देऊन फोन ठेवला. तो नंबर मी लावला नाही.

१५ मार्च

बुरुलसुनची तारीख हाताने बदलून एक एप्रिल केली. खरं तर हे करारात बसत नाही. केलं.

१६ मार्च

सकाळी पुन्हा एकतीस मार्च.

मी खुर्चीत सरसावून बसले. आता हे कारकुनाचं काम नव्हे. कारकून माझ्या संगणकात शिरून तारीख बदलत नाही. आमच्यापैकीच काहीतरी तिला पहाटे उचलून एक दिवस मागे ठेवतंय. पुन्हा बदलली.

१७ मार्च

पुन्हा एकतीस. आणि तीन दिवस संपले. पहाटेच्या तपासणीत कागद जुळले नाहीत म्हणून प्रोग्रामने नियमाप्रमाणे एकविसावी जागा पुढच्या नावाला दिली, तलासच्या एका एकोणीस वर्षांच्या मुलीला. तिच्या आईने कुंदुझला फोन करून रडत आशीर्वाद दिले. ती जागा आता परत मागता येणार नाही, मागूही नये.

डॉक्टर २७ ला येतायत, १ एप्रिलला जाणार. पुन्हा पुढच्या वर्षी. बुरुलसुनला तिसऱ्या पायरीवर थांबावं लागतं, असं ती फोनवर म्हणाली होती.

२० मार्च

कोडं मोठं होत चाललंय, आणि लाज वाटते सांगायला, मला मजाही येतेय. शाळेत मुलांना सांगायचे तेच केलं: भांडू नका, मोजा. दोनशे बारांतले, यादीत एकतीस मार्च ते दोन एप्रिल दिसणारे सगळे काढून प्रत्येकाला फोनवर ओळखपत्रावरची तारीख विचारली. खरे एक एप्रिलला जन्मलेले सात निघाले. चौघांची आमच्याकडे चुकलीय, तिघांची बरोबर आहे.

बरोबर: १९६८, १९७९, १९९०.

चुकलेली: १९८१, १९८२, १९८३, १९८४.

लागोपाठ चार वर्षं. दोन एप्रिलवाले सगळे ठीक. एकतीस मार्चवालेही ठीक. चार वर्षांच्या चार दिवसांवरच कुणाचा राग आहे? चुकणाऱ्या यंत्राला इतकी निवड कशी करता येते?

चिठ्ठी: "चूक सापडत नसेल तर निम्म्यावर कापा. ती कुठल्या निम्म्यात आहे ते पाहा. पुन्हा निम्मं कापा."

२२ मार्च

काल नोरूझ, वसंतातलं नवं वर्ष. शेजारच्या बायकांबरोबर सणाच्या गव्हाच्या खिरीची, सुमोलोकची, कढई ढवळली, हात दुखतायत. ढवळताना डोक्यात एक्क्याऐंशी, ब्याऐंशी, त्र्याऐंशी, चौऱ्याऐंशी.

आज निम्म्यावर कापत कापत पहाटेच्या प्रोग्रामपर्यंत पोचले. रोज पहाटे इस्पितळाच्या आणि आमच्या नोंदी ताडून नीटनेटक्या करणारा तो भाग इलगिझने लिहिलाय. इलगिझ सव्वीस वर्षांचा, हुशार, कानात सतत गाणी. मी सगळ्यांदेखत त्याला फाडून खाल्लं. म्हटलं, कानातली ती बोंडं काढ आणि तुझ्या ओळी मला वाचून दाखव, एकेक.

त्याने वाचल्या. ऐंशी ओळी. चूक नाही. मध्ये एका ओळीवर थांबून तो म्हणाला, "एजे, इथे तुमचा सातवा कुरुत बोलावलाय. तोही उघडू का?"

मी म्हटलं, "ती ओळ सोड. तो सहा वर्षं अकरा ठिकाणी चालतोय. तुझं बघ."

त्याने माझ्याकडे पाहिलं, खांदे उडवले, पुढची ओळ वाचली.

घरी आल्यावर वाईट वाटलं, पोराला जास्तच बोलले. पण चूक त्याच्याच भागात आहे, ती कुठे लपली तेवढं कळत नाही.

२४ मार्च

आज जिन्यावर पावलं वाजली आणि कुंदुझ धावत येऊन म्हणाली, "एजे, एक पांढऱ्या दाढीचे अक्साकल आलेत. तुमचं नाव विचारतायत. भांडायला आल्यासारखे दिसत नाहीत, तेच भीतीदायक आहे."

उंच म्हातारे, पांढरी कलपाक टोपी, जाड कोट, बगलेत कापडात गुंडाळलेलं काहीतरी. ओसमोनकुल. बुरुलसुनचे थोरले काका, चाळीस वर्षं गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवणारे. सात तासांचा रस्ता व्हॅनने आले होते, रोझ्याचा उपास होता म्हणून वाटेत पाणीसुद्धा न घेता. बुरुलसुनलाही बरोबर आणलं होतं, पण आमचे जिने तिला झेपेनात, म्हणून तिला बहिणीकडे सोडलं.

बसा म्हटलं तर बसले नाहीत. कापड सोडलं. आत करड्या पुठ्ठ्याची वही.

"सरकारी वही बाहेर नेता येत नाही," ते म्हणाले. "म्हणून मी दरवर्षी सगळ्या नोंदी माझ्या वहीत उतरवून ठेवायचो. हे पान पाहा."

निळ्या शाईत, शाळेच्या कित्त्यासारखं अक्षर. एप्रिल १, १९८३, मुलगी, पहाटे पाच वाजून वीस मिनिटं, सुईणीचं नाव, साक्षीदाराचं नाव.

"त्या दिवशी मी घोड्यावरून सुईण आणली," ते म्हणाले. "माझा भाऊ मला म्हणाला, एक एप्रिलची नको, दोनची लिही. पोर मोठी झाल्यावर लोक चिडवतील. मी म्हटलं, झाली तेव्हाच झाली. मी माझ्या सख्ख्या भावासाठी तारीख बदलली नाही. चाळीस वर्षांत एकही तारीख बदलली नाही. आता गावात सगळे म्हणतात, ओसमोनकुलने चुकीचं लिहिलं म्हणून बुरुलसुनची जागा गेली. घरातलेही म्हणतात. ती स्वतः म्हणत नाही, पण बघते माझ्याकडे."

मी ते पान पुन्हा वाचलं.

"तुम्ही शिकलेल्या आहात. मला एवढंच सांगा, मी कुठे चुकलो?"

मी म्हणाले, शोधतेय. त्यांनी वही पुन्हा गुंडाळली, चार घड्या, गाठ. चहाही विचारता येईना, उपास. जाताना दारात म्हणाले, "सापडलं की सांगा. माझी चूक असली तरी सांगा."

२५ मार्च

संध्याकाळी अतांबरोबर उपास सोडला. अता म्हणजे माझे वडील, वय अठ्ठ्याहत्तर, रेल्वेतून निवृत्त. गाड्यांचं वेळापत्रक सांभाळायचे, अजूनही घड्याळाकडे पाहून खोकतात. कणकेचे बोरसोक तळले होते. खाता खाता मी त्यांना सगळं सांगितलं, आपली नेहमीची कटकट म्हणून. ती चार सालं सांगितली आणि ते चावायचे थांबले.

"एक एप्रिल, एक्क्याऐंशी ते चौऱ्याऐंशी?"

"हो."

"अगं, त्या रात्री बारा वाजलेच नाहीत."

मला वाटलं, झोप आलीय त्यांना.

"उन्हाळ्याची वेळ," ते म्हणाले. "मॉस्कोने काढलेलं खूळ. एक एप्रिल लागला की घड्याळ एक तास पुढे. अकरा एकोणसाठनंतर थेट एक. पहिल्या वर्षी आम्हाला वाटलं, वरचे लोक एक एप्रिलची थट्टा करतायत. मी घड्याळ हलवलं नाही, आणि एक अख्खी मालगाडी माझ्या कागदावर तासभर हरवली. महिनाभर बोलणी खाल्ली. चार वर्षं असंच चाललं. मग कुणाला तरी अक्कल सुचली आणि ते रविवारी पहाटे दोनला करायला लागले."

आणि मग निवांतपणे पुढचा बोरसोक उचलला. "तुमच्या त्या यंत्राला बारा वाजताची वेळ कशाला लागते पण? जन्मतारखेला वेळ कशाला?"

मी उठले, खिडकीशी गेले, परत बसले. जन्मतारखेला वेळ कशाला. मध्यरात्र कोण लावतं? प्रत्येक तारखेला, एका मापाची, कौतुकाने.

२६ मार्च

रविवार. कचेरीत एकटीच गेले. खालची यंत्रंही बंद होती.

सातवा कुरुत उघडला. सहा ओळी. यंत्राला विचारलं: या शहरात १ एप्रिल १९८३ ची मध्यरात्र दे. यंत्राला जगातल्या प्रत्येक शहराच्या घड्याळाचा इतिहास पाठ असतो, हे मी स्वतः नवीन लोकांना शिकवते. त्याने पाहिलं, अशी वेळ इथे झालीच नाही. मग ते जवळची सापडेल ती वेळ घेतं, एक तास मागे सरकतं. ३१ मार्च, रात्रीचे अकरा. आणि माझा कुरुत पुढच्याच ओळीत तास खरवडून टाकतो. उरतं काय? एकतीस मार्च. यंत्राने आपली अडचण दाखवली होती, मी तिच्यावर बोळा फिरवला.

खात्रीसाठी १९५० पासून सोव्हिएत काळ संपेपर्यंतच्या सगळ्या दिवसांच्या मध्यरात्री मागितल्या. पंधरा हजारांवर दिवस. चारच मिळाल्या नाहीत.

इतकं सुंदर उत्तर मला आयुष्यात कधी सापडलं नव्हतं, आणि इतकं नकोसंही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. वळसा घालताना इलगिझला तुडवलं, आणि एका म्हाताऱ्या माणसाला उपाशीपोटी सात तास हेलपाटा घालायला लावला.

दुरुस्ती दोन ओळींची आहे. जन्मतारखेला वेळ लावायचीच नाही. दिवस, महिना, वर्ष, बस.

२७ मार्च

डॉक्टरांची तुकडी आली. मी मेलिस बायकेंना दार लावून सगळं सांगितलं.

ते बराच वेळ कपाळ चोळत बसले. "दुरुस्त केलंस ना? मग झालं. इस्पितळाला काही सांगू नकोस. त्या बाईचं नाव पुढच्या वर्षी पहिलं घालू."

"पुढच्या वर्षापर्यंत तिला काय होईल?"

"ते डॉक्टर जाणोत. चिनारा, 'चूक आमची' असं लिहून दिलंस की करार गेला. हे पाच जण कुठे जातील? इलगिझचं बाळ तीन महिन्यांचं आहे. गावच्या नोंदी म्हणून सगळ्यांनी मान्य केलंय, कुणी विचारत नाही. कशाला हात दाखवून अवलक्षण?"

मी गप्प बसले. हे इथे लिहून ठेवते, दिवसभर गप्प बसले. इलगिझच्या बाळाचं कारण मला सोयीचं वाटलं.

संध्याकाळी त्याची माफी मागायला गेले. त्याने कानातली बोंडं काढली. म्हणाला, "मला बुधवारीच वाटलं होतं, एजे. सातवा कुरुत मी घरी जाऊन उघडला. कळलं काही नाही, पण वास आला."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही म्हणालात ना, ती ओळ सोड."

मग कुंदुझने एक गोष्ट दाखवली. तिने जुन्या तक्रारी चाळल्या होत्या. बालवाडीतल्या पालकांची यादी, रक्तपेढी, ग्रंथालय, जिथे जिथे आमचे प्रोग्राम चालतात तिथल्या. सहा वर्षांत एक एप्रिलवाल्यांच्या एकोणीस तक्रारी. सगळ्यांवर एकच शेरा: "गावची नोंद चुकीची, ग्राहकाला कळवले." पाच शेरे माझ्या अक्षरात, म्हणजे माझ्या नावाने. मला एकही आठवत नाही.

सहा वर्षं एक तक्रार नाही, असं मी या वहीच्या पहिल्याच दिवशी लिहिलंय.

२८ मार्च

सकाळी थेट इस्पितळात गेले. मेलिस बायकेंना निघताना निरोप टाकला, परवानगी मागितली नाही.

यादी सांभाळणाऱ्या डॉक्टर वेरा पेत्रोव्ना उभ्या उभ्या सूप पीत होत्या. मी सगळं सांगितलं. घड्याळ, मध्यरात्र, माझे सहा ओळींचे प्रताप. त्यांनी चमचा खाली ठेवला.

"म्हणजे बाईची तारीख पहिल्यापासून बरोबर होती?"

"हो."

"आणि हे तुम्ही लेखी देणार?"

"आणलंय."

त्यांनी वाचलं. "आता जागा नाही," त्या म्हणाल्या. "तलासच्या मुलीला मी उठवणार नाही."

"तिला उठवा असं मी म्हणतच नाही."

"दरवर्षी एखाद्याला ऐन वेळी ताप येतो. मग राखीव नाव घेतो. राखीवमध्ये दोन नावं आहेत. तपासण्या करून घ्या, तिची अवस्था त्या दोघांपेक्षा वाईट निघाली तर पहिलं घालीन. वाईट निघावी अशी इच्छा करा, आणि कुणाला तरी ताप यावा अशीही. मजेशीर प्रार्थना आहे, नाही?"

दुपारी बुरुलसुनला पहिल्यांदा पाहिलं. फोनवरून मोठी वाटली होती. लहानखुरी, ओठांवर निळसर झाक. मी सांगायला लागले तर म्हणाली, "आधी काकांना सांगा. मला नंतर." ते तपासणीच्या खोलीबाहेर उभे होते. मी घड्याळाचं सांगितलं, मी लिहिलेल्या ओळींचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मध्यरात्र नव्हती, पण दिवस होता ना?"

"होता."

"मग बरोबर," ते म्हणाले आणि पहिल्यांदा बाकावर बसले.

तपासण्यांत तिची अवस्था सगळ्यात वाईट निघाली. राखीव क्रमांक एक.

२९ मार्च

कुणाला ताप नाही.

मेलिस बायके माझ्याशी बोलत नाहीत. चहा मात्र माझा कप भरून ठेवतात.

३० मार्च

सकाळी कुणाला ताप नाही. उद्या शस्त्रक्रियांचा शेवटचा दिवस. मी कामात लक्ष घातलं, अकराच्या अकरा ठिकाणी सातवा बदलला. एका वेळी एकच.

चारला वेरा पेत्रोव्नांचा फोन. जलालाबादच्या एका गृहस्थांना खोकला आणि अडतीस ताप. त्यांना महिन्याभराने इथलेच डॉक्टर घेतील, त्यांचं तेवढं निभेल. "उद्या आठला आणा तिला. उपाशी."

मी ओसमोनकुलना फोन केला. ते म्हणाले, "उपासाची आम्हाला सवय आहे, पोरी."

३१ मार्च

दारावर परिचारिकेने यादीतून नाव विचारलं, मग जन्मतारीख. बुरुलसुन म्हणाली, "एक एप्रिल, त्र्याऐंशी." परिचारिकेने कागदावर पाहिलं आणि खूण केली.

साडेपाच तास. आम्ही तिघं बाकावर होतो, ओसमोनकुल, बुरुलसुनची बहीण आणि मी. मी निघून जावं असं कुणी म्हणालं नाही, थांबावं असंही नाही. दोनच्या सुमाराला वेरा पेत्रोव्ना बाहेर आल्या, टोपी काढली आणि म्हणाल्या, "झडप बसली. छान चालतेय."

बहीण माझ्याच गळ्यात पडली. चुकून, मला वाटतं.

१ एप्रिल

शुद्धीवर आली. काचेतून हात हलवला. आज चाळीस वर्षांची झाली. डॉक्टरांची तुकडी दुपारच्या विमानाने गेली.

करार राहिला की गेला, ते सोमवारी कळेल. मेलिस बायके सकाळी स्वतःच इस्पितळात आले होते. मला म्हणाले, "त्या एकोणीस जणांना फोन तू करायचे. मी तुझ्या शेजारी बसेन." एवढंच.

ओसमोनकुल अंगणात उन्हात बसले होते. कुंदुझ आणि मी त्यांच्याजवळ गेलो. त्यांनी कोटाच्या खिशातून घडी न मोडलेला कोरा कागद काढला, तयारीनेच आले होते.

"तुम्ही तोंडी सांगितलंत, मला पोचलं," ते म्हणाले. "पण मी गावात जाऊन सांगितलं तर लोक म्हणतील, म्हातारा स्वतःला वाचवतोय. लिहून द्या."

बाकावरच वही मांडीवर घेऊन लिहिलं. बुरुलसुनच्या जन्माची नोंद पहिल्यापासून बरोबर होती. नोंद करणाऱ्याची काहीही चूक नाही. चूक प्रोग्रामची, आणि तो मी लिहिला. खाली पूर्ण नाव. मग तारीख घालायला गेले आणि हात थांबला.

कुंदुझच्याही लक्षात आलं. ती हळूच म्हणाली, "एजे, दोन एप्रिल टाका. आजची तारीख पाहिली तर अख्खं गाव म्हणेल, कुणीतरी थट्टा केली. अक्साकल, एका दिवसाने काय बिघडतं?"

खरं तर मलाही पटलं होतं. पेन दोनच्या आकड्यासाठी वळलंही असेल.

ओसमोनकुलनी माझ्याकडे पाहिलं नाही. समोरच्या खिडक्यांकडे पाहत विचारलं, "आज तारीख काय आहे?"

"एक एप्रिल."

"मग एक लिहा."

मी एक लिहिलं. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन दोनदा वाचला, शाई वाळेपर्यंत उन्हात धरला आणि आतल्या खिशात ठेवला.